जॉब रजिस्टर, मागची पानं

"माप लिवून ठेव.
डोकं उद्या खोटं बोलतंय,"
दस्तगीर मिस्त्री म्हणायचे,
व्हर्नियर पुसून पेटीत ठेवताना.
मी एकोणीस वर्षांचा, उद्यमनगरात,
नखांत ग्रीस, आणि लेथचा आवाज
घरी जेवतानाही कानात चालूच.

पुढून त्यांचं लिहायचो :
बुश, पितळी, नग चाळीस,
आतला व्यास, बाहेरचा व्यास.
एके दिवशी रजिस्टर उलटं धरलं
आणि मागच्या पानावर लिहिलं
"आज डबा उघडलाच नाही."
एवढंच.
कारण लिहिलं नव्हतं, आता आठवतही नाही.
पण तो डबा तिथं अजून तसाच आहे,
कडी लावलेला,
आत भाकरी कधीची, भाजी कसली,
कोण जाणे.

चौतीस वर्षं झाली. सव्वीस रजिस्टरं.
"पाणी दोन दिवस नाही."
"सुमित्राचा ताप उतरला."
"रंकाळ्यावर गेलो. परत आलो."
सुमित्रा म्हणते, ह्यात आहे काय वाचण्यासारखं?
खरंय. काही नाही.
मी तरी कुठं वाचायला लिहितोय.
रात्री हात धुतल्यावर
अंगठ्याच्या चिरेत काळं उरतं ना,
ते निघतं थोडं.

एकदा लिहिलं, "मिस्त्रींच्या मयताला गेलो."
गेलो नव्हतो.
गडहिंग्लजच्या कारखान्याची डिलिव्हरी होती,
आणि नाही म्हणायला जीभ वळली नाही.
कोण बघणार होतं ते पान?
तरी शाई वाळेपर्यंत बसून राहिलो.
मग खोडलं नाही.
खाली लिहिलं :
"वरची ओळ खोटी."
देवापुढंसुद्धा इतकं सरळ
मी कधी उभा राहिलो नव्हतो.

सर्जेराव, माझा थोरला भाऊ, कसबा बावड्याचा.
त्यानं बांध कोरला, हे मी लिहिलंय
अकरा वेळा, अकरा शायांत.
गेल्या दिवाळीत माळा साफ करताना
सगळ्या वह्या खाली आल्या, तेव्हा मोजलं.
पहिल्या वहीत : एक वीत.
पाचवीत : हातभर.
विसावीत : दोन हात, वर "पुरते."
बांध जिथल्या तिथं. उसाखाली.
वाढत गेला होता तो माझ्या वहीत,
आणि मी असा, की ज्याचं माप
सुताइतकंही चुकत नाही म्हणून
शिरोलीची माणसं जॉब घेऊन येतात.

दुसऱ्या दिवशी बावड्याला गेलो.
वहिनीनं चहा टाकला.
त्यानं बांधाचं काढलं नाही, मीही नाही.
त्याचा एक दात पडलाय, एवढं दिसलं.
रात्री लिहिलं : "चहात साखर जास्त."
हे बारावं.

कार्तिकात अंबाबाईच्या किरणोत्सवाला उभा होतो,
माणसांच्या खांद्यांमधून मान काढून.
पहिल्या दिवशी ऊन पायाशी आलं.
दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत चढलं
आणि पश्चिमेला ढग आडवा आला.
गर्दी हळहळली.
शेजारचे एक म्हातारबाबा मात्र हात जोडूनच होते,
म्हणाले, "आलं तेवढं आलं.
उंबरा वलांडून आलंय न्हवं?"

मला घरी येताना
माझी अर्धी राहिलेली पानं आठवली.
"आज मला" इथंच थांबलेलं एक.
"सुमित्राला सांगायचं की" असं दुसरं.
पूर्वी त्यांची लाज वाटायची.

हल्ली नातू विचारतो, आजोबा, पुढून पण लिहिता, मागून पण,
मग मध्ये काय होतं?
मध्ये मापं आणि मी
एकमेकांच्या जवळ येतो, बाळा.
पितळ, नग बारा, इकडून.
झोप नाही, तिकडून.
आणि दोन्ही भिडायच्या आधी
एक पान मी कोरं सोडतो.
सव्वीसच्या सव्वीस वह्यांत आहे ते.

का सोडतो,
ते लिहिलेलं नाही.