वेढे

कूलरची मोटर जळते तेव्हा आधी वास येतो.
मला कसलाच वास आला नाही.
मानेत कोणी खिळा ठोकावा तसं झालं
आणि तांडापेठेतला सगळा उजेड एका अंगाला कलंडला.

रामदासपेठेत डॉक्टर झाड्यांनी पडद्यावर दाखवलं :
नसेला आलेला फुगा, बोराएवढा.
मांडीतून वर नेऊन त्यात तार भरायची,
वेढ्यावर वेढा, म्हणजे रक्त आत फिरकणार नाही.
मी म्हटलं, डॉक्टर, एकतीस वर्षं हेच करून राहिलो.
ते हसले.
मी गमतीनं बोललो नव्हतो.

तार प्लॅटिनमची, हे कळल्यावर वनमाला म्हणाली,
जन्मभर एक दागिना मागितला,
केला तर स्वतःच्या डोक्यात.

सहा महिन्यांनी परत फोटो.
तार दबली होती, बुडाशी जाऊन बसलेली,
फुग्याच्या तोंडाशी पुन्हा रक्त घुटमळत होतं.
असं होतं कधीकधी, म्हणाले.
माझे वेढे सैल निघाले
तर गिऱ्हाईक मोटर आणून काउंटरवर आपटते.
मी विचारलं, वॉर्निश नसते का याला?
नसते.
मिनिटाला सत्तर ठोके, रात्री न् दिवसा, मे महिन्यातही,
कोणती वाइंडिंग टिकेल?

मग जाळी बसवली. नळीसारखी विणलेली,
केसाहून बारीक तारांची.
बाप माझा मागावर बसायचा, नऊवारीचे काठ विणायचा.
तो असता तर उलटी करून
आधी मागची बाजू पाहिली असती त्यानं.

जाळीसोबत दोन गोळ्या आल्या.
चुकवायच्या नाहीत, हे तीनदा सांगितलं, कार्डावर लिहूनही दिलं.
हाताला पक्कड घासली तरी जांभळं पडायचं.
त्यात दाढ ठणकायला लागली.
पानठेल्यावर कोणी म्हणालं, रक्त पातळ असताना दाढ काढली
तर रक्त थांबत नाही बावा, दोन दिवस सोड गोळी.
मी चार दिवस सोडली.
डॉक्टरांचा नंबर त्याच कार्डावर होता, शर्टाच्या खिशात.
विचारलं नाही.

चौथ्या दिवशी दुकानात, दोनशे चौदा, दोनशे पंधरा,
आणि पुढचा आकडा नव्हता.
म्हणजे होता. दिसतही होता,
खिळ्याला टांगलेल्या पान्यासारखा. हाती येईना.
उजवी दोन बोटं तार सोडून मोकळी झाली.
लोकेश म्हणाला, काका, काहून थांबले?
मी त्याला काहीतरी सांगितलं.
तो घाबरला, त्यावरून कळलं की ते शब्द नव्हते.

गाठ त्या जाळीतच धरली होती.
वाट राखायला बसवलेलीनंच वाट अडवली.
पोरानं ऑटोत घालून वेळेत नेलं,
म्हणून बरंचसं परत आलं.
सगळं नाही. एक बोट अजून परक्याचं आहे,
आणि पान्याला कधी पाना म्हणतो, कधी 'ते, पिळायचं'.

आता लोकेश मोठ्यानं मोजतो, मी गुंडाळतो.
त्याला वाटते मी शिकवून राहिलो.

सीताबर्डीच्या मेट्रोत
तपासणीच्या चौकटीतून जाताना मी कार्ड हातात धरतो.
काही वाजत नाही.
चला ना काका, शिपाई म्हणतो, मागं लाइन आहे.
तरी मी जरासा थांबतो.
इतकं सामान आत आहे,
एकदा तरी वाजायला पाहिजे.

रात्री कूलर लावतो. मोटर मीच बांधलेली.
बेअरिंग सुकली की वेढा सुटला,
झोपेतही आवाजावरून सांगेन.
उशीवर कान टेकला की दुसरा ठोका ऐकू येतो.
त्याचं मला काही कळत नाही.
वनमाला कूस बदलून विचारते,
गोळी घेतली?
हो म्हणतो.
ती उठते, दिवा लावते,
आणि पाकीट मोजते.