शिकाऊ

सकाळी पेपर होता, अर्ध्या तासाचा, कॉम्प्युटरवर.
प्रश्न सातवा: उतारावर ब्रेक निकामी झाल्यास
चालकाने प्रथम काय करावे?
बरोबर उत्तरावर बोट ठेवलं
आणि उचलायला विसरले.
पडद्यावर डोंगर नव्हता,
तरी तापल्या ब्रेकचा वास आला.

खिडकीतला पोरगा म्हणाला, नी सूछिन,
संपलं तुमचं वर्ष.
मान वर न करताच शिक्का मारला त्याने.
मीही अशीच वाढायचे नूडल्स,
उलट्या नदीच्या गावातल्या दुकानात,
ट्रकवाल्यांचे चेहरे न बघता
नुसत्या वाट्या बघत. नऊ वर्षं.

बाहेर येऊन ट्रकच्या पाठीवरचं पिवळं स्टिकर खरवडलं.
दोनच अक्षरं त्यावर: शिकाऊ.
मागचे वर्षभर ती वाचून हॉर्न वाजवत आले
आणि पुढे जाताना खिडकीत डोकावले.
शिकाऊ, आणि वर बाई,
एका तिकिटात दोन खेळ.
कोमट पाणी, नख, एक जुनं कार्ड.
पहिलं अक्षर सुटलं,
दुसऱ्याचा पाय राहिला चिकटून. राहू दे.

नियम असा, की हायवेवर शिकाऊच्या शेजारी
जुना हात हवा.
हाओ शिफूंचा हात कुठला,
तोंडच चालायचं, तेही बोलायला नाही.
सूर्यफुलाच्या बिया फोडत बसायचे उजवीकडे.
कट्. कट्. टरफल पेल्यात.
शिनिंग ते गोलमूद,
जाताना कोबी, येताना खत,
कट्.
गिअर कधी कुठला, हे त्यांनी मला
एकदाही सांगितलं नाही.

पण रबराच्या डोंगरावर
(खरंच नाव आहे, चढताना पटतं)
वळण जरा जोरात आलं
की कट् थांबायचं.
बस्स, एवढंच.
मी पाय उचलायचे, गिअर खाली ओढायचे,
ब्रेकवर पाणी सोडायचे,
चाकांतून वाफ निघायची फस्सकन,
आणि दोन वळणांनंतर
कट्.
रोज असं पास व्हायचे मी.

डिसेंबरात एकदा काळं बर्फ होतं,
वर कुणाची तरी शंभरेक मेंढरं रस्त्यात.
अकरा किलोमीटर
एकच बी दातांत धरून बसले शिफू.
खाली पोचल्यावर थुंकली, न फोडता.
म्हणाले, खवट होती.

काल शिनिंगला उतरले.
उशी, थर्मास, बियांची पिशवी.
परवापासून दुसऱ्या कुणाच्या शेजारी,
त्या पोराच्या कानाला खडे आहेत म्हणे.
मला वाटलं, काहीतरी बोलतील.
दार लावता लावता म्हणाले,
उजवा आरसा सैल आहे, बघ.
वर्षभर त्यांच्या डोक्याआड होता तो.

आणि आज मी एकटी.
खोटं कशाला बोलू, या रिकाम्या सीटसाठी
कॅलेंडरवर फुल्या मारल्या होत्या मी.
वाटलं होतं, गाणी लावीन, मोठ्याने.
लावली नाहीत.
डोंगरावर, त्याच वळणावर, कान दिला.
काहीच थांबलं नाही,
कारण काही चालूच नव्हतं.
मग कळेना,
हा वेग बरोबर आहे की जास्त.
पोटात जिथे गोळा यायचा तिथेच चाचपलं.
उचलला पाय. सोडलं पाणी.
वाफ.

छाखाच्या काट्यावर गाडी लावली तेव्हा
अंधार पडायला आला होता.
सीटखाली हात घातला, मूठभर टरफलं निघाली,
त्यात एक बी अख्खी.
दातांत फिरवली, नीट फुटेना,
सालासकट चावली.
काट्यावरच्या माणसाने विचारलं,
सोबत कोण?
सवयीने उजवीकडे वळले.
कुणी नाही, म्हटलं,
आणि पाना घेऊन खाली उतरले,
आरशासाठी.