तासाला साडेतेरा

मंगळवारी सकाळी नऊ वाजता टोलेडोच्या कोर्टाचा दुसरा मजला:
लांब लाकडी बाक, खडखडणारा एसी, कॉफीचं बंद पडलेलं मशीन,
आणि मी, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर पिवळे फॉर्म.
काम सांगायला सोपं आहे.
आलेल्याला विचारायचं,
घर खाली करायची नोटीस हातात दिली की दारावर चिकटवली,
पावत्या आहेत का, घरात लहान मूल आहे का,
आणि वकिलाशी बोलल्याशिवाय
घरमालकाच्या माणसाने पुढे केलेल्या कागदावर
सही करू नका.
हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा बोलते.
झोपेतही बोलते म्हणे, बहीण सांगते.

गेल्या उन्हाळ्यात मी लोणच्याच्या कारखान्यात होते.
बरणी, झाकण. बरणी, झाकण.
व्हिनेगरचा वास ऑक्टोबरपर्यंत बोटांना.
माझी रूममेट ब्रायनी तेव्हा वॉशिंग्टनला,
मानवी हक्कांच्या एका ऑफिसात, बिनपगारी.
खोलीचं भाडं तिचे वडील भरायचे.
ती वाईट नव्हती. मोर्च्यांचे फोटो पाठवायची न चुकता,
मी ते जेवणाच्या सुट्टीत बघायचे
आणि मनात यायचं,
अन्यायाविरुद्ध उभं राहायचं
तर पाय ठेवण्यापुरती जागा लागते,
आणि त्या जागेचं भाडं
कुणीतरी भरावं लागतं.

मार्चमध्ये कॉलेजच्या फळ्यावर कागद लागला.
दहा आठवडे. सेवा. सामाजिक न्याय.
खाली बारीक अक्षरात पगार.
बाबा टायरच्या दुकानातून आले, हात पुसत म्हणाले,
घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला
आपण मोकळे नाही, मायसा.
मी त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं.
त्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचली.
"भाकऱ्यांचे पैसे?" म्हणाले. "कोण देतं?"

जून संपताना सरोवरावरून किडे आले.
दरवर्षी येतात, एका रात्रीचं आयुष्य घेऊन.
सकाळी दिव्याच्या खांबांखाली ढीग,
नगरपालिकेची माणसं फावड्याने ओढतात.
कोर्टाच्या पायऱ्यांवर पाऊल टाकलं की चुरचुर.
त्या पायऱ्या चढून मिसेस ओडेसा प्रूइट आल्या,
डोक्यावर चर्चची जांभळी टोपी,
पर्समध्ये रबरबँड लावलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या,
सात वर्षांच्या.
घर विकलं गेलं होतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
मे महिन्याचं भाडं जुन्या मालकाकडे गेलं,
नवी कंपनी म्हणते, आम्हाला मिळालंच नाही.

फॉर्म निम्मा झाला तेव्हा त्यांनी विचारलं,
"तुला याचे किती देतात?"
माझे कान तापले.
म्हणावंसं वाटलं, मी मनापासून करते हो.
तेही खरंच होतं.
"तासाला साडेतेरा."
त्या हसल्या नाहीत.
"घे. सेंट न् सेंट मोजून घे.
फुकटचं काम आमच्या माणसांनी
या देशात पुरेसं करून ठेवलंय, पोरी.
तुझ्या वाटणीचंही झालं त्यात."

मग वकीलबाई टॉलिव्हर आल्या, पावत्या घेऊन आत गेल्या.
न्यायाधीशांसमोर दोन मिनिटं, फार तर अडीच.
मिळाले चौदा दिवस.
याला जिंकणं म्हणत नाहीत.
पण चौदा दिवस
किल्ली पर्समध्येच राहणार होती, पावत्यांशेजारी.

शुक्रवारी मी तासांचा तक्ता भरायला बसले.
प्रूइट, ओडेसा: चाळीस मिनिटं.
त्यातली दहा आम्ही कामाचं काहीच बोललो नव्हतो.
टोपीवरचं पीस कुठल्या पक्ष्याचं, यावर वाद घातला,
त्या म्हणाल्या तितर, मी म्हणाले रंगवलेली कोंबडी.
ती दहा मिनिटं धरायची का?
पेन जरा वेळ हवेत राहिलं.

धरली.