तिरपे पट्टे

हॅलिफॅक्सच्या चॅरिटी शॉपमधून
दीड पौंडाला उचललेला टाय:
गर्द निळा, त्यावर तांबडे तिरपे पट्टे.
बँकेत चालून गेला.
लग्नाला ठिपके, मयताला काळा,
बाकी दिवशी हाच.
एवढंच माझं टायशास्त्र.

मिस्टर मर्गट्रॉइड गेले त्या सकाळी
काळा सापडेना.

नंतर चहाच्या टेबलाशी
एक म्हातारा काठी टेकत आला.
“कुठली रेजिमेंट?”
माझ्या तोंडात काकडीचं सँडविच.
मी मान हलवली,
हो की नाही, मलाच कळलं नाही.
त्यानं थरथरत्या बोटांनी
माझी गाठ सरळ केली.
“आपले आता फार उरले नाहीत,” म्हणाला.

घरी आल्यावर गाठ सोडली नाही.
सैल करून डोक्यावरून काढली,
खुंटीला लावली.
तशीच आहे.