तक्रार : आवाज येत नाही

कुटबणच्या जेटीवर फोन मरतात ते बहुतेक मिठानं.
बर्फाच्या पेटीत पडतात, डिझेलच्या बादलीत पडतात,
एक तर बांगड्यांच्या ढिगाखाली सापडला,
पहाटे चारचा अलार्म वाजला म्हणून.

मी उघडते. बोर्डावर हिरवट पूड चढलेली असते.
ब्रश, अल्कोहोल, पुन्हा ब्रश.
मग मीटर बीपवर ठेवून एकेक लाइन चाचपायची :
वाजू नये तिथं वाजलं की शॉर्ट,
वाजायला हवं तिथं गप्प, तर तुटलेलं.
बाकी सगळं हात न थरथरण्याचं काम.

शॉर्ट हाती लागत नसेल तर राळेचा धूर देते.
बोर्ड पांढरा होतो, दंव पडल्यासारखा.
एक व्होल्ट सोडायचा, हळूच,
आणि डोळा मिटायचा नाही.
एक ठिपका वितळतो.
तिळाहून बारीक कपॅसिटर,
त्यानं सगळा फोन बेशुद्ध धरून ठेवलेला.
चिमट्यानं उपटला की फोन उठतो,
आणि गंमत म्हणजे पुष्कळदा त्याच्यावाचून काही अडत नाही.
हे मी एकदा जेवताना नवऱ्याला सांगितलं.
तो हसला नाही.

कुस्तोद तांडेल आला तो बंदी सुटायच्या आठवड्यात.
फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर, रबराला गाठ.
‘धुवेचो फोन येता गो, ताळो मात येना.’
पोरगी लंडनच्या बाजूला कुठल्याशा गोदामात.
मडगावात दोन दुकानांनी दोनदा स्पीकर बदललेला,
दोन्ही पावत्या घडी करून त्याच पिशवीत.

जाळी साफ केली. ती साफच होती.
रिसीव्हर मोजला : एकतीस ओहम, असावा तसा.
स्प्रिंगचे पाय सरळ, ठसे चकचकीत,
दोघांनी उघडूनही एक स्क्रू कमी नाही,
हे त्यांच्या बाजूनं नोंदवते.
टेस्ट लावली. माझ्या कानात सुई शिरावी तसा स्वर.
मग त्याच्या कानाला धरला.
तो वाट बघत राहिला,
बेतुलची बस ज्या वळणावरून येते
त्या वळणाकडे बघावं तसा.

छत्तीस वर्षं.
बिछान्याखाली दीड हातावर इंजिन.
डाव्यानं ऐकू येतं? येतं थोडं.
उजव्यानं?
‘उजवो? तो फोनाचो कान.’

आता हे सांगायचं कसं?
मोठ्यानं सांगावं तर शेजारचा बर्फवाला ऐकणार,
जाळी शिवत बसलेले सहा खलाशी ऐकणार,
आणि हळू सांगावं तर, तेच तर.
पावतीच्या मागं लिहायला घेतलं आणि आठवलं,
ह्याला देवनागरी येत नाही, ह्याचं प्रार्थनेचं पुस्तक रोमीत.
मी रोमीत अडखळत लिहिलं.
फोन बरा आहे. कान
तीन अक्षरांत मावला.

त्यानं वाचलं. ओठ हलवत, दोनदा.
चिठ्ठी दोन पावत्यांच्या मधोमध ठेवली
आणि विचारलं, ह्याचं स्पेअर मिळतं?
हॉस्पिसियोत दाखव म्हटलं, खुणेनं कानात बोट घालून.
फोन डावीकडे सरकवून दाखवला, बेलबरोबर दिवा चमकेल असं केलं.
त्यानं दिव्याकडे बोट नेलं आणि मागं घेतलं,
भाजेल की काय म्हणून.

उघडायचे शंभर घेते मी. घेतले.
वहीत मॉडेल लिहिलं, तक्रार लिहिली,
दोषाचा रकाना कोरा ठेवून पुढच्या ओळीवर गेले.

रात्री शटर ओढायच्या आधी
तीच टेस्ट स्वतःला लावून बघितली.
डावा, मग उजवा.
एक हजार, चार हजार, आठ : छान.
बारावर काहीच आलं नाही.
पुन्हा लावली. पडद्यावर रेघ तर हलत होती.
या फोनचा रिसीव्हर उद्या बघायला हवा.