उजवा कान

रविवार. बर्म्युडाचं जहाज चारला सुटतं.
साडेदहापासून मी एकच वाक्य बोलतेय:
पासपोर्ट कव्हरातून काढून हातात ठेवा.
दुपारपर्यंत जीभ त्या वाक्याचीच होऊन जाते.

मग मोंतेरो आले. नऊ जण,
नवांच्या अंगात पिवळेजर्द शर्ट,
पाठीवर छापलेलं: आजी रिटायर झाली.

चार वर्षांच्या पोरानं जन्मदाखला दिला,
घडीवर जॅमचा डाग.
चालतो. बॉस्टनमध्ये जन्मलाय, डागासकट चालतो.
त्याची आई, मामा, दोन मावश्या,
निळे पासपोर्ट, टिंग, टिंग, टिंग.

मग ती. इसाउरा.
पर्समधून नाही, शर्टाच्या आतून काढलं कार्ड,
अजून ऊबदार.
कडा झिजलेल्या, प्लास्टिक पिवळं पडलेलं.
मशीननं ओळख दाखवली नाही.
मी उलटंसुलटं करून पाहिलं,
मुदत संपायची तारीखच नव्हती त्यावर.
अशी कार्डं मधे काही वर्षं निघाली होती,
आम्हाला शिकवतात: दिसलं तर गोंधळू नका,
खरं असतं.
फोटोत विशी-बाविशीची मुलगी,
मान जराशी वळवलेली, उजवा कान उघडा.
तेव्हा नियम होता, कान दिसायला हवा.
फोटोकडे बघितलं, बाईकडे बघितलं.
काही केल्या जुळेना.

आणि पासपोर्ट?
तोही दिला तिनं. केप व्हर्देचा.
चार महिन्यांपूर्वी संपलेला.

एकेचाळीस वर्षं न्यू बेडफर्डला आहे ती,
धाकटी मुलगी सांगू लागली, जणू मी न्यायाधीश,
मासळीच्या कारखान्यात शिंपले सोलायची,
बोटांचे ठसे उरलेच नाहीत,
नागरिकत्वाचा अर्ज केला तर दोनदा परत आले ठसे,
तिसऱ्यांदा ती गेलीच नाही,
म्हणाली, बोटं आहेत ना, पुरे.

मी म्हटलं, या देशात परत यायला हे कार्ड पुरेसं आहे.
पण तिथे उतरायला पासपोर्ट लागतो.
म्हणजे परत येता येईल,
जाता येणार नाही.
बोलून झाल्यावर मलाच ते ऐकू आलं.

सुपरवायझरनं तेच सांगितलं, जास्त गोड आवाजात.

माझे वडील एकदा जहाजावर चढले होते,
दुर्रेसच्या धक्क्यावरून, दोराला लोंबकळत,
हजारोंच्या गर्दीत, खिशात फक्त कंगवा.
जाताना कुणी काही विचारलं नाही.
आठवड्याभरात परत पाठवले, कंगव्यासकट.
मी लोकांचे कागद तपासते
याचं त्यांना अजून हसू येतं.

नऊ जणांचं भांडण झालं, केकपासून भाड्यापर्यंत.
तिनं तिच्या भाषेत चारच शब्द उच्चारले.
मला ती भाषा येत नाही, पण रांग पुढे सरकली.
पोराची कॉलर सरळ केली तिनं.
खाण्याचा डबा मात्र स्वतःकडे ठेवला.

चारला मी बाहेर सिगरेट ओढायला गेले,
तर बाकावर तीच, पिवळा शर्ट,
ब्रॉक्टनहून न्यायला येणाऱ्या भाच्याची वाट बघत.
डबा पुढे केला. टूना भरलेले पास्तेल,
गार, पण तिखट.
तू कुठली? मी सांगितलं.
तुझ्या कार्डावर तारीख आहे?
आहे, म्हटलं, एकतीस सालापर्यंत.
अरेरे, म्हणाली ती, अगदी मनापासून,
आणि आणखी एक पास्तेल माझ्या हातावर ठेवला.

मग भोंगा वाजला, लांबलचक, पोटातून आलेला.
तिनं हात हलवला नाही.
आवाजाकडे मान वळवली फक्त, जराशी,
वाऱ्यानं पांढरे केस मागे गेले
आणि उजवा कान उघडा पडला.

तीच.
शंकाच नाही, तीच.
काउंटर बंद होऊन दीड तास झाला होता.