ऑगस्टमध्ये पुन्हा या

ते घर बघायला आले मार्चमध्ये.
उतारावर पिवळी फुलं, पाट तुडुंब,
बेल्मीरोमामाच्या भिंती
परवाच्या चुन्याने पांढऱ्याफटक.
वीत्स्का आणि योरेन, डच,
पोर्तुगीजमधलं 'नमस्कार' आणि 'केवढ्याला' एवढंच शिकून आलेले.
मधे मी, दुभाषी:
ह्याचं त्यांना, त्यांचं ह्याला,
तासाला बारा युरो, शिवाय जेवण.

वीत्स्का खिडकीतून दरी बघत राहिली.
योरेनने तुळया ठोकून वाळवी शोधली,
फुटकी कौलं मोजली,
न्हाणीघरात टब कुठे बसेल
ते पावलांनी मापलं.
विहिरीपाशी मात्र दोघं नुसते वाकले
आणि आपलीच तोंडं बघून हसले.
पाणी इतकं वर होतं.

इतकं वर?
मी त्या विहिरीवर वाढले.
आत तिसऱ्या दगडात एक लोखंडी कडी आहे,
आम्ही तिला दूध टांगायचो, नासू नये म्हणून.
कडी बुडालेली मी जन्मात पाहिली नव्हती.
अंजिराखाली चिखलात जोडचाकांचे ठसे,
मामाच्या बुटांना तोच चिखल, अजून ओला.

"पाणी बारमाही आहे का?"
मी ते मामाला विचारलं.
मामा कुंपणाकडे बघत म्हणाला,
"माझ्या बापाच्या हयातीत कधी आटली नाही."
खोटं नव्हतंच ते.
बाप अठ्ठावन्न साली गेला.
वरच्या अंगाला निलगिरी लागली
ती त्यानंतर.

मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं.
आणि पुढे, कुणीच न बोललेलं, एक वाक्य:
"ऑगस्टमध्ये पुन्हा या."
"एवढं लांबलचक काय सांगितलंस?" मामाने विचारलं.
"डोंगर छान दिसतो म्हटलं, उन्हाळ्यात."

आले.
एकोणीस तारीख, दुपारचे तीन,
डोंगर जळक्या भाकरीच्या रंगाचा.
ह्या वेळी योरेनच्या खिशात दोरी होती,
टोकाला एक जाडा नट बांधलेला.
सोडत गेला, सोडत गेला.
टक.
त्या आवाजाला दुभाषी लागला नाही.

मामाने खुर्ची बाहेर आणली आणि बसला.
मग आपणहूनच बोलायला लागला, न थांबता,
मला धावावं लागलं त्याच्या मागे.
की विहीर जूनमध्येच तळाला जाते.
की मार्चमध्ये टँकर आणला होता, रात्री, दोन खेपा.
की खरं पाणी पाटाचं: मंगळवारी आणि शुक्रवारी
पहाटे दोन वीस ते चार.
ते खरेदीखतात नाही, कुठेच नाही,
ऑर्तेन्सियाच्या स्वयंपाकघरातल्या वहीत आहे.
आणि दोन वीसला तुम्ही झोपलेले असाल
तर पाणी सरळ तिच्या घेवड्याला जातं,
भांडायचं नाही.

अकरा हजार उतरले किमतीतून.
जाताना मामा मला एक शब्द बोलला.
तो मी कुणाला सांगितला नाही,
त्याचे पैसे घेतले नव्हते.

टब आलाच नाही.
खळ्याखाली आता टाकं आहे,
चारी बाजूंच्या पन्हळी त्यात उतरतात;
पहिला पाऊस कौलं धुतो म्हणून
तो बाहेर सोडतात, दुसरा धरतात.
भांड्यांचं पाणी लिंबाला.
मडक्याशेजारी एक पाटी, योरेनच्या अक्षरात:
आज किती बादल्या.
काही दिवशी खाडाखोड असते.

आणि मंगळवारी, पहाटे,
वीत्स्का रबरी बूट घालून पाटावर उभी असते,
कंदील दातांत धरल्यासारखी डोक्याला बॅटरी बांधून,
फळी वर उचलते.
ऑर्तेन्सिया खिडकीतून घड्याळ बघते.

माझा फोन वाजतो तो तेव्हाच.
मामा आता शहरात, लेकीकडे, चौथ्या मजल्यावर.
झोप येत नाही म्हणतो.
"उघडलं का तिने?"
"उघडलं."
"वेळेवर?"
"दोन मिनिटं आधीच."
मग बराच वेळ काही बोलत नाही.
त्याच्या मागे कुठेतरी पाणी वाहत असतं.
"मामा," मी म्हणते,
"नळ बंद कर."